अमळनेर स्टेशन रोडवरचं मिल्ट्रीवाल्या आबांचं तिकिटाचं दुकान: पोरगं नेव्हीत असेल तर आधी इथे जा

रेटिंग आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच. हे लिहायला घेतलं कारण आपल्याकडे आता अमळनेर, पारोळा, चोपडा, शिंदखेडा, जिकडे बघावं तिकडे एखादं तरी पोरगं अग्निवीर म्हणून नेव्हीत लागतंय आणि घरच्यांना भरती कळते, पगार कळतो, पण सुट्टी कशी मिळते हे कुणी नीट सांगतच नाही, मग अंदाजाने तिकिटं काढली जातात, पैसे जातात ते जातात आणि माय-बाप दाराकडे डोळे लावून बसतात ते वेगळंच.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, दिली धुळ्याला. आमचा लहाना भाऊ २०२३ ला नेव्हीत गेला, अग्निवीर एसएसआर, म्हणजे बारावीवाली भरती. तेव्हापासून त्याची येण्या-जाण्याची सगळी तिकिटं याच दुकानातून काढतो आम्ही, आप्पांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मोबाईलवर जमत नाही, मी धुळ्यात, आणि तो स्वतः जहाजावर, समुद्रात गेलं की नेटवर्कच नसतं तर तो बिचारा कुठून काढणार. त्यामुळे आमच्यासारख्या घरांना असं दुकान लागतंच.

दिसायला दुकान काही विशेष नाही. एक शटर, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, भिंतीला लागून लाकडी बाकडं, आणि झेरॉक्सपासून पीक विमा, सातबारा, पॅनकार्डापर्यंत सगळी कामं. बोर्डावर दुसरंच काहीतरी नाव आहे पण गावात सगळे मिल्ट्रीवाल्या आबांचं दुकान म्हणूनच ओळखतात. आबा नेव्हीतून पेन्शनवर आलेले, आपल्याकडे आर्मी काय नेव्ही काय, सगळ्याला मिल्ट्रीच म्हणतात, आणि आबा पण आता दुरुस्त करत बसत नाहीत. पण तुम्ही "पोरगं नेव्हीत आहे" म्हणालात की त्यांचा चेहरा बदलतो, चष्मा वर करतात आणि पहिला प्रश्न येतो तो एकच.

"सुट्टी तोंडी का लेखी?"

हा प्रश्न मी दुसऱ्या कुठल्याच सेंटरवर ऐकला नाही. बाकीचे विचारतात तारीख काय, स्लीपर का एसी. आबा विचारतात की पोराने फोनवर "येतोय बहुतेक" म्हटलंय, का अर्ज टाकलाय, का साहेबांची सही झालीये. आणि या तिन्हीला त्यांच्याकडे तीन वेगवेगळी उत्तरं आहेत. नुसतं "येतोय बहुतेक" असेल तर ते तिकीट काढतच नाहीत, सरळ चहा पाजून परत पाठवतात. अर्ज टाकला असेल तर फक्त असं तिकीट काढतात जे वेळेत कॅन्सल केलं तर थोडेच पैसे कापले जातील. सही झाली असेल तर मग पुढचं मागचं सगळं पक्कं करतात. त्यांच्याकडे एक जाड वही आहे, त्यात प्रत्येक पोराच्या नावापुढे निळ्या पेनाने "तो" (तोंडी) किंवा "ले" (लेखी) लिहिलेलं असतं, आणि "तो"चा "ले" झाला की बाजूला तारीख टाकतात. आमच्या लहान्याच्या पानावर खाडाखोड भरपूर आहे, पण कुठली तारीख कशामुळे बदलली ते बाजूला लिहिलेलं आहे, त्यामुळे आप्पांना परत परत विचारावं लागत नाही.

आता सुट्टीचं गणित, जे मला याच बाकड्यावर बसून कळलं. आपल्याकडे गावागावात आर्मीत असलेले कुणी ना कुणी काका-मामा असतात आणि ते वर्षाला दोन महिने घरी येतात हे आपण लहानपणापासून बघतो, म्हणून घरचे धरूनच चालतात की आपलं पोरगं पण दोन महिने येणार. ते जुन्या रेग्युलर भरतीवाल्यांचं झालं, त्यांना वर्षाला ६० दिवसांची ॲन्युअल लीव्ह असते आणि कॅज्युअल वेगळी. अग्निवीरला वर्षाला ३० दिवस. बास. ही स्कीम जून २०२२ मध्ये जाहीर झाली तेव्हाच हे स्पष्ट सांगितलेलं होतं, चार वर्षं नोकरी, वर्षाला ३० दिवस सुट्टी, आणि आजारपणाची सुट्टी डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार वेगळी. पण पेपरात तेव्हा सगळी चर्चा पगाराची आणि चार वर्षांनंतर काय याची झाली, ही सुट्टीची ओळ आपल्या घरांपर्यंत पोचलीच नाही.

आणि हे ३० दिवस म्हणजे पण खिशात ठेवलेले ३० दिवस नाहीत, हे आबा फार कळकळीने सांगतात. सुट्टी हा हक्क म्हणून मागता येत नाही, कामाची गरज बघून दिली जाते. जहाजावर ठरावीक माणसं कायम लागतातच, इंजिनला माणूस पाहिजे, पहाऱ्याला पाहिजे, स्वयंपाकाला पाहिजे, त्यामुळे सगळ्यांना एकदम सोडता येत नाही, पाळीपाळीने सोडतात. जहाज दुरुस्तीला डॉकयार्डात लागलं असेल तर सुट्टी सोपी, सरावाला किंवा लांबच्या मोहिमेवर निघायचं असेल तर अवघड. अर्ज जातो त्याच्या डिव्हिजनल ऑफिसरकडे, म्हणजे प्रत्येक नव्या पोराच्या वर एक अधिकारी असतो जो त्याची सुट्टी, तक्रार, घरची अडचण सगळं बघतो. आबा म्हणतात पोराला सांगा की घरची खरी अडचण असेल तर ती या साहेबाला मोकळेपणाने सांग, लाजू नको, त्यासाठीच तो माणूस असतो. हे ऐकून आप्पांना खूप धीर आला होता, कारण आप्पांना वाटायचं की मिल्ट्रीत साहेबासमोर तोंडच उघडता येत नाही.

ज्यांचं पोरगं अजून ट्रेनिंगला आहे त्यांच्यासाठी पण सांगते. नव्या पोरांचं ट्रेनिंग ओडिशात, आयएनएस चिल्का, त्या मोठ्या चिल्का सरोवराच्या काठी. अग्निवीरांची पहिली बॅच तिथूनच बाहेर पडली, २८ मार्च २०२३ ला, आणि त्यांची पासिंग आऊट परेड सूर्यास्तानंतर झाली होती, त्यात मुली पण होत्या. ट्रेनिंग चालू असताना सुट्टीचा विषय काढायचाच नाही, घरात फारच गंभीर काही झालं तर गोष्ट वेगळी. आणि परेड झाल्यावर पोरगं घरी येईल का थेट पुढच्या ठिकाणी जाईल हे त्या बॅचच्या कार्यक्रमावर असतं, म्हणून आबा परेडला जाणाऱ्या आई-वडिलांची तिकिटं काढतात पण पोराचं परतीचं तिकीट त्याच्या तोंडून पक्कं कळल्याशिवाय काढत नाहीत. आमच्या ओळखीतल्या एका घराने दुसऱ्या एका सेंटरवरून तिघांचं परतीचं काढलं होतं, पोराचं पण, आणि ते पण तत्काळमध्ये. पोरगं आलंच नाही, पुढे पाठवलं. कन्फर्म तत्काळ तिकीट कॅन्सल केलं तर एक रुपया परत मिळत नाही, आणि त्या सेंटरवाल्याने हे आधी सांगितलंच नव्हतं. शेतकरी माणूस, कापूस विकून परेड बघायला गेलेला. असं वाचलं की वाईट वाटतं ना, म्हणून मी हा रिव्ह्यू एवढा लांब लिहितेय.

आता खरी अडचण काय आहे ती बघा. रेल्वेचं बुकिंग आधी १२० दिवस आधी उघडायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. चांगलंच झालं म्हणा. पण नव्या सेलरची (नौसैनिकाची) सुट्टी दोन महिने आधी कुठे पक्की होते, ती पक्की होईपर्यंत गाडीला वेटिंग शंभराच्या पुढे गेलेलं असतं. आणि आता वेटिंगचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये चढायची सोय राहिली नाही, खाली उतरवतात. तत्काळचं म्हणाल तर जुलै २०२५ पासून आधार व्हेरिफाय केलेलं आयआरसीटीसीचं (रेल्वेच्या तिकीट साइटचं) अकाउंट लागतं, आणि एजंट लोकांना पहिला अर्धा तास बुकिंगच करता येत नाही, म्हणजे एसीचं १० वाजता उघडतं तर एजंटला साडेदहा, स्लीपरचं ११ ला तर एजंटला साडेअकरा, तोपर्यंत काय शिल्लक राहतं सांगा. आबांनी हे लपवलं नाही. उलट बाकड्यावर बसलेल्या प्रत्येकाला सांगतात की तत्काळ माझ्याकडून काढू नका, घरातल्या शिकलेल्या पोरी-पोराच्या नावाने अकाउंट उघडा, आधार जोडून घ्या, आणि हे जोडायचं काम ते तिथेच बसून करून देतात, त्याचे पैसे घेत नाहीत. माझं अकाउंट त्यांनीच जोडून दिलं. स्वतःचं गिऱ्हाईक स्वतः कमी करणारा दुकानदार मी तरी दुसरा बघितला नाही.

आखाजीचं, म्हणजे अक्षय्य तृतीयेचं, उदाहरण देते म्हणजे कळेल. २०२५ ला आखाजी ३० एप्रिलला होती. लहान्याने फेब्रुवारीतच अर्ज टाकला होता, म्हणजे वहीत "तो" आणि "ले"च्या मधलं. २८ एप्रिलला गाडीत बसायचं तर बुकिंग उघडणार २७ फेब्रुवारीला. आबांनी आप्पांना सकाळी साडेसातलाच बोलावून घेतलं, लहान्याच्या आधारचा फोटो समोर ठेवला, नावाचं स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवलं, आडनावात एक अक्षर आप्पांनी वेगळं सांगितलं होतं ते आधारप्रमाणे केलं, आणि आठ वाजायच्या आधी सगळं भरून तयार. पण त्याच्याही आधी त्यांनी वेगळीच गोष्ट केली. आप्पा म्हणत होते आधी यायचं काढा. आबा म्हणाले यायचं नाही मिळालं तर पोरगं जनरलमध्ये उभं राहून पण येईल, परत जायचं तिकीट कुठल्या तारखेला उघडतं ते मी आजच लिहून ठेवतो, ते चुकवायचं नाही. आणि खरंच वहीत परतीच्या बुकिंगची तारीख लाल पेनाने लिहिली, त्या दिवशी स्वतः आप्पांना फोन केला.

त्यामागचं कारण प्रत्येक घराने समजून घ्यावं असं आहे. घरी एक दिवस उशिरा आलं तर घरचा एक दिवस जातो. ड्युटीवर उशिरा पोचलं तर तो गुन्हा धरला जातो, नेव्ही ॲक्ट १९५७ मध्ये सुट्टीशिवाय गैरहजर राहण्याचं कलमच आहे. नव्या पोराच्या रेकॉर्डवर पहिल्याच वर्षी असा डाग नको, त्यातून चार वर्षांनंतर चारातल्या जास्तीत जास्त एकालाच पुढे ठेवणार असतील तर अजिबातच नको. म्हणून आबा परतीची गाडी अशी धरतात की जी एक दिवस आधी पोचवेल. सुट्टीचा शेवटचा दिवस गाडीत किंवा बेसवर गेला तरी चालेल म्हणतात. आमच्या मायला हे पटत नाही, तिला तो दिवस घरी पाहिजे असतो, पण आबांनी तिला बाकड्यावर बसवून शांतपणे समजावलं. माय विचारत होती, "आबा, पोर्‍या आखाजीले येई ना?" आणि आबा म्हणाले, "येई ना माय, पन साहेब सही करी तव्हय."

सही झाली. वहीत "ले" आलं. आणि २२ एप्रिलला पहलगामची घटना घडली. दोन दिवसांनी लहान्याचा फोन आला की सुट्टी थांबली, कधी ते सांगता येत नाही, फोन लागला नाही तर काळजी करू नका. मायने खापर काढून ठेवलं होतं मांड्यांसाठी, ते तसंच राहिलं. मी धुळ्याहून आबांना फोन केला तर ते म्हणाले काळजी करू नको बेटा, मी आत्ता कॅन्सल करतो, अजून ४८ तासांच्या बाहेर आहोत. स्लीपरचे १२० रुपये कापले गेले, बाकीचे आप्पांच्या खात्यावर काही दिवसांत जमा झाले. मेच्या सुरुवातीला ऑपरेशन सिंदूर झालं तेव्हा लग्नासाठी घरी आलेले जवान हळदीच्या अंगाने परत गेले, आपल्या जिल्ह्यातले पण, ते सगळ्यांनी पेपरात वाचलंच असेल. तेव्हा मला नीट कळलं की मंजूर झालेली सुट्टी पण परत घेता येते, आणि ज्या माणसाला हे आतून माहीत आहे त्याच्याकडूनच तिकीट काढावं. ते १२० रुपये कापले गेले याचं आम्हाला काहीच वाटलं नाही. दुसरीकडे पूर्ण गेले असते.

नंतर लहाना श्रावणात कानबाईच्या सणाला आला. प्रसादाचे रोट भाऊबंदातच खायचे असतात ना, तर मायने त्याच्या वाटचं गव्हाचं माप धरूनच दळण केलं होतं. तेव्हाचं तिकीट सही झाल्यावरच काढलं, वेटिंग आलं, पण आबांनी गाडी अशी शोधून दिली की कन्फर्म मिळालं.

ही गाड्यांची माहिती म्हणजे या दुकानाची खरी कमाई आहे. मोबाईलवर शोधलं की ॲप तुम्हाला मुंबईला नेऊन परत आणतं. आबांना नेव्हीची ठिकाणं पण माहीत आणि आपली सुरत-भुसावळची ताप्ती लाइन पण माहीत. चिल्काहून यायचं तर खुर्दा रोडहून पुरी-अहमदाबाद एक्सप्रेस, ती नागपूरवरून थेट भुसावळ, जळगाव, नंदुरबार करत सुरतकडे जाते, मधे गाडी बदलायची गरज नाही, एक रात्र आणि पुढचा जवळजवळ सगळा दिवस. विशाखापट्टणमला पोस्टिंग असेल तर लोक मुंबईमार्गे किंवा सिकंदराबादमार्गे फिरत येतात, आबा सांगतात विजयनगरमला जा, ते जवळच आहे, आणि तीच पुरी-अहमदाबाद तिथे पकडा. कोचीला असेल तर मंगला लक्षद्वीप, ती कोकणातून कल्याण, नाशिक, मनमाड करत जळगाव-भुसावळला येते, आणि कारवारला असलेल्या पोरांना पण तीच गाडी. जामनगरच्या वालसुराला ट्रेनिंगला असेल तर सुरतपर्यंत या आणि सुरत-भुसावळ लाइन धरा. मुंबईवाल्यांना तर गाड्याच गाड्या, पण अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार साइडच्या लोकांनी कल्याण-जळगाव फिरण्यापेक्षा पश्चिम रेल्वेची खान्देश एक्सप्रेस कधी असते ते बघून घ्यावं. यातलं मला आधी काहीही माहीत नव्हतं. गाड्यांचे वार बदलत राहतात म्हणून ते दर वेळी कॉम्प्युटरवर बघून मगच सांगतात, पाठांतरावर सांगत नाहीत, हे मला फार आवडलं.

पैशाचं म्हणाल तर स्लीपरच्या तिकिटाला २० आणि एसीला ४० रुपये सर्व्हिस चार्ज, तिकिटाच्या किमतीवर वेगळा, आणि तिकिटाची मूळ किंमत प्रिंटवर असतेच ती बोट ठेवून दाखवतात. सणासुदीला जास्त नाही, लग्नसराईत जास्त नाही. अग्निवीरला पहिल्या वर्षी ३०,००० पगार, त्यातले ३० टक्के सेवा निधीत (चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या बचतीत) जातात म्हणजे हातात २१,००० येतात, त्यात पोरगं घरी पैसे पण पाठवतं, अशा घराकडून एका तिकिटामागे दोन-तीनशे जास्तीचे घेणारे सेंटर मी बघितलेत. इथे तसं होत नाही.

जे त्यांच्याकडे होत नाही ते सरळ नाही म्हणून सांगतात. रेल्वे वॉरंट किंवा फॉर्म डी, म्हणजे सैन्यातल्या लोकांना मोफत किंवा सवलतीच्या प्रवासासाठी जो कागद मिळतो, त्यावरचं तिकीट खाजगी एजंटकडे निघतच नाही. ते स्टेशनच्या रिझर्वेशन खिडकीवर किंवा त्यांच्या युनिटमधून डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीमवर निघतं. कुठल्या पोराला काय लागू आहे ते त्याने त्याच्या ऑफिसातच विचारावं, असं आबा सांगतात. आमच्यासमोर एक जण असा कागद घेऊन आला होता, आबांनी त्याला नुसतं खिडकीवर जा म्हटलं नाही, फॉर्म भरून दिला, कुठे सही पाहिजे तिथे पेन्सिलने फुली मारून दिली आणि एक पैसा घेतला नाही.

लग्नाचा विषय निघाला की मात्र ते कडक होतात, आणि बरोबरच आहे. एक मावशी आखाजीनंतरच्या मुहूर्तासाठी पोराचं तिकीट काढायला आल्या होत्या, साखरपुडा ठरत आलेला. आबांनी विचारलं अग्निवीर का रेग्युलर. अग्निवीर म्हटल्यावर हातातला माऊस बाजूला ठेवला. नेव्हीच्या भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेलं आहे की चार वर्षांच्या काळात लग्न करता येत नाही, केलं तर नोकरीवरून काढतात. मावशींना हे कुणी सांगितलंच नव्हतं, भरतीच्या वेळी पोराने सह्या केल्या आणि घरी सांगितलं नाही. आबांनी त्यांना पोराशी बोलायला लावलं, तिथेच फोन लावून. एका तिकिटाचं गिऱ्हाईक गेलं पण एका पोराची नोकरी वाचली असं मी म्हणेन.

अजून एक सवय आहे त्यांची जी सुरुवातीला काही लोकांना जाचक वाटते. तिकीट हातात दिलं की सांगतात, याचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. पोरगं कुठल्या जहाजावर, कधी निघालं, कधी पोचणार, जहाज कधी बंदरात येणार, काही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये नेव्हीने बेसवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि सोशल मीडियावर बंदी आणली होती, हेरगिरीचं प्रकरण झालं म्हणून, ते आबा आवर्जून सांगतात. घरच्यांच्या एका स्टेटसमुळे पोराला उत्तर द्यावं लागतं. म्हणून मी पण इथे लहान्याचं जहाज, बेस काहीच लिहिलेलं नाही, कमेंटमध्ये विचारू नका.

सुट्टीवर आल्यावर पोरगं आजारी पडलं तर काय, हे पण मी त्यांनाच विचारलं होतं कारण पावसाळ्यात आमच्याकडे घरोघरी ताप असतो. त्यांनी सांगितलं की घरी झोपून राहायचं आणि नंतर डॉक्टरची चिठ्ठी दाखवायची असं चालत नाही. सुट्टी संपायच्या आधी युनिटला कळवायचं, आणि जमेल तसं जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलला दाखवायचं, आपल्याला जवळ म्हणजे देवळाली. प्रवासाच्या लायकच नसेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून सगळे कागद नीट ठेवायचे आणि तसं युनिटला लगेच कळवायचं. वाढीव सुट्टी पण संपायच्या आधीच मागायची, संपल्यावर नाही. देवळालीच्या हॉस्पिटलचा नंबर त्यांनी आमच्या तिकिटाच्या मागे लिहून दिला, लागला नाही पण तो कागद मायने देवघरात ठेवलाय.

आता तो अर्धा मार्क. आबा सहसा फोन उचलत नाहीत, कॉम्प्युटरवर असताना तर अजिबातच नाही, आणि व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला तर संध्याकाळी उत्तर येतं. बाहेरगावच्या माणसाला हे त्रासाचं होतं, मी धुळ्याहून कितीदा तरी आप्पांना सायकलवर पाठवलंय. दुसरं म्हणजे दुकानात ते एकटेच, मदतीला ठेवलेला मुलगा पीक विम्याच्या मुदतीत तिकडेच गुंतलेला असतो, जुलैमध्ये तर पाय ठेवायला जागा नसते आणि तिकिटवाल्यांचा नंबर दुपारी लागतो. प्रिंटर पण बदलायला पाहिजे, पीएनआरचे आकडे फिके येतात, म्हाताऱ्या माणसाला वाचता येत नाहीत, आप्पांना मी पेनाने परत गिरवून देते. हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलंय, त्यांनी ऐकून घेतलं, प्रिंटर अजून तोच आहे.

जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. पोराच्या आधारचा स्पष्ट फोटो घेऊन जा, नाव-स्पेलिंग त्यावरूनच टाकतात, तोंडी सांगितलेलं टाकत नाहीत. अर्ज टाकलाय का सही झालीये ते पोराला आधी विचारून जा, नाहीतर तिथूनच फोन करायला लावतील. परत हजर व्हायची तारीख आणि वेळ दोन्ही विचारा, नुसती तारीख पुरत नाही. ज्या दिवशी ६० दिवसांवरचं बुकिंग उघडणार त्या दिवशी साडेसातला पोचा, आठला नाही. सोमवारी अमळनेरचा बाजार असतो तेव्हा गर्दी जास्त, मंगळवारी मंगळग्रह मंदिराच्या लोकांमुळे स्टेशन रोडवर रिक्षा मिळत नाही, त्यामुळे बुधवार-गुरुवार बरा. दुकान स्टेशनकडून गावात येताना डाव्या हाताला, मेडिकलच्या शेजारी, बाहेर निळं बाकडं दिसेल. दुपारी दीड ते तीन बंद असतं.